आहेराचं खोकं

आमच्या घरी चार गाड्या आहेत. एक ट्रॅक्टर, एक चारचाकी, दोन मोटारसायकली. नवऱ्याची मोटारसायकल दिवसभर मळ्यात असते. दिराचं शहाद्याला कृषी केंद्र आहे, त्याची मोटारसायकल त्या दुकानासमोर. चारचाकीची किल्ली सासऱ्यांच्या खिशात असते, आणि ट्रॅक्टरवर बसून बाजाराला निघालेली सून अजून आमच्या गावाने पाहिलेली नाही. म्हणजे मला शहाद्याला जायचं असलं तर आधी घरात सांगावं लागतं. सांगितलं की कोणीतरी विचारतं, "तुले कथा जानं शे?"

तुला कुठं जायचंय. हा प्रश्न कोणी रागाने विचारत नाही, हेच वाईट आहे. रागाने विचारला असता तर भांडता आलं असतं. हे लोक आपुलकीने विचारतात आणि मग जे हवं ते स्वतः आणून देतात. औषध आणून देतात, चप्पल आणून देतात. एकदा दिराने साडीचा तुकडा दुकानात नेऊन माझ्यासाठी ब्लाउजपीस आणला, रंग अगदी जुळलेला. मी "छान आहे" म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. ब्लाउजपीससाठी रडणारी बाई म्हणजे सुख दुखतंय असंच कोणीही म्हणेल, म्हणून नळ सोडून ठेवला होता.

एसटी आहे, काळीपिवळीही आहे. पण आमच्या घरच्या बाया काळीपिवळीत बसत नाहीत. हा नियम कोणी केला ते मी लग्न झाल्यापासून शोधते आहे. सासूबाई म्हणतात, त्या आल्या तेव्हाच होता.

मला एक स्कूटर हवी होती, एवढीच माझी गोष्ट. शहाद्याला कॉलेजात बी.एस्सी. करताना मी मैत्रिणीच्या स्कूटरवर शिकले होते आणि बरी चालवत होते. घरात मागितली असती तर कदाचित घेऊनही दिली असती, पैशाला तोटा नाही. पण मागून मिळालेली गाडी न्यायला पुन्हा मागावं लागतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मला न मागता आलेली गाडी हवी होती. आता अशी गाडी काय आभाळातून पडणार? पडली. म्हणजे कपाटातून पडली.

आमच्याकडे प्रत्येक घरात एक आहेराचं कपाट असतं. लग्नात, वास्तुशांतीला आलेल्या वस्तू त्यात न उघडता ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्यांना देतात. वरचा चकचकीत कागद तेवढा बदलायचा, त्यावर पेनाने 'सप्रेम भेट' लिहून खाली आपलं नाव टाकायचं. टी-सेट, भिंतीवरची घड्याळं, काचेचे मोर असे गावोगाव वर्षानुवर्षं फिरत राहतात. कोण फिरवतं? सगळे. कोण कबूल करतं? कोणी नाही. घरोघरी मातीच्या चुली, पण ही चूल जो तो पदराखाली झाकतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत मी ते कपाट रिकामं करत होते. तळाशी दिराच्या लग्नात आलेलं एक खोकं निघालं. कागद फाटला होता. आत जाड पुठ्ठ्याचा डबा, त्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस उंच बुरुजावरून उडी मारतोय असं चित्र, सगळा मजकूर इंग्रजी, आणि वरून घट्ट बसलेलं पातळ प्लॅस्टिक. व्हिडिओ गेम होता. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे, त्या जातीचा. यंत्रात खुपसायची ती कॅसेट आत असणार.

सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई आते कोनाच कामनं नही. टाकी दे, नही ते तूच ठेव."

मी ठेवलं. कशाला ठेवलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या घरात 'तूच ठेव' असं मला कोणी फार वेळा म्हटलं नव्हतं, एवढंच.

दुपारी मोबाइलवर त्या चित्राचा फोटो टाकून शोधलं. आधी वाटलं मी आकडे चुकीचे वाचतेय. जगात असे लोक आहेत जे लहानपणचे गेम न उघडलेल्या डब्यासकट विकत घेतात आणि पुन्हा न उघडताच ठेवतात. आमच्या कपाटासारखंच म्हणा, फक्त ते कबूल करतात. पुण्याचा एक गृहस्थ असे जुने गेम तपासून विकत घ्यायचा. त्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, वस्तू खरी असेल तर दुर्मीळ आहे. पण बाजारात अशी बनावट खोकी ढिगाने आहेत. खरी आहे हे सिद्ध करावं लागेल. आणि काही झालं तरी उघडू नका."

मी विचारलं, खरी असेल तर साधारण किती? त्याने आकडा सांगितला. नवी स्कूटर येत होती, वर हेल्मेटसुद्धा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते इथे अक्षरशः होतं. उघडून पाहिलं तर आत काय आहे ते कळेल, पण मग त्याला किंमत उरणार नाही. न उघडता आत काय आहे ते सांगायचं. मला हे काम आवडलं, खोटं कशाला बोलू. बी.एस्सी.ला प्रयोगशाळेत आम्हाला परीक्षानळीत एक पांढरी भुकटी द्यायचे आणि ती काय आहे ते चव न घेता ओळखायला लावायचे. त्यानंतर इतक्या वर्षांत मला कोणी काही ओळखायला दिलंच नव्हतं.

पहिली परीक्षा प्लॅस्टिकची. कारखान्यातून आलेल्या डब्याच्या मागे प्लॅस्टिकची मधोमध एक आडवी शिवण असते. घरी हेअर ड्रायरने बसवलेल्या बनावट प्लॅस्टिकला शिवण कडेला येते. माझी शिवण मधोमध होती. तिच्या घडीत कुंकू अडकलेलं होतं. फोटो पाहून पुण्याच्या गृहस्थाने विचारलं, हा लाल रंग कसला? मी म्हटलं, आमच्याकडे आहेर देताना वस्तूला कुंकू लावतात. तो मग म्हणाला, "हे मी पहिल्यांदाच पाहतोय. पुसू नका."

दुसरी परीक्षा दिव्याची. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हल्लीचा पुठ्ठा निळसर चमकतो, जुना चमकत नाही. तो दिवा दिराच्या दुकानात होता. शहाद्याला जायचंय म्हटल्यावर अर्थातच, "वहिनी, काय लयानं शे? सांगा, मी लई येस." मी म्हटलं, तुमच्या दुकानातला दिवा. त्याने खरंच आणून दिला, का हवा ते न विचारता. असा भला माणूस. त्याच्या भलेपणाला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि कोठीच्या खोलीत दार लावून दिवा लावला. पुठ्ठा काळाच राहिला.

तिसरी परीक्षा वजनाची. न उघडलेल्या डब्याचं वजन ग्रॅमपर्यंत जुळावं लागतं. कमी भरलं तर आत कॅसेटऐवजी भलतंच काही असतं. आमच्या घरात कापसाचा काटा आहे, त्यावर मी स्वतः उभी राहिले तरी तो हलायचा नाही. सोनाराचा काटा हवा होता. त्यासाठी तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी सासूबाईंच्या पाटल्या उजळायला टाकायच्या होत्या, त्यांच्यासोबत चारचाकीत जागा मिळाली. मी खोकं पिशवीत घालून नेलं. सोनाराने पाटल्यांच्या आधी गेमचं वजन केलं आणि सासूबाईंकडे असं पाहिलं की त्यांनी नजर भिंतीवरच्या दरपत्रकाकडे वळवली. घरी येताना त्यांनी एवढंच विचारलं, "काय शे त्याम्हा?" मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं.

वजन जुळलं.

मला वाटलं, झालं. पण पुण्याचा गृहस्थ म्हणाला, आता वस्तूचा प्रवास हवा. कोणी विकत घेतली, कुठे, तिथून तुमच्या घरापर्यंत कोणाकोणाच्या हातात होती. पहिल्या मालकाचं सहीचं पत्र मिळालं तर पूर्ण किंमत देतो. नसेल तर जुनी स्कूटर येईल एवढे. माझ्या स्कूटरबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. हिशोब माझा होता.

आता आली का पंचाईत! आहेराचा प्रवास विचारायचा म्हणजे तोंडावर म्हणायचं की तुम्ही दिलेली वस्तू तुमची नव्हती. मी जावेच्या मावशीला फोन लावला, कारण फाटक्या कागदावर तिचं नाव होतं. ती इतकी गोड बोलली, मुलांची चौकशी केली, पाऊसपाण्याची केली. मी खोक्याचं विचारताच आवाज बदलला. "आम्ही ते भितवरनं घड्याळ दिधं व्हतं व माय. तुले आठव नही का?" मी म्हटलं, मावशी, राग नाही, फक्त कोणाकडून आलं ते सांगा. ती म्हणाली, "आमना घर असं करतस नही." फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. चार दिवस त्या घरात चहाचा कपसुद्धा माझ्यासमोर आपटून ठेवला जायचा. कोठीतलं एक खोकं मला घरात आणखी कोपऱ्यात ढकलत होतं आणि मी ते सोडत नव्हते, कारण त्यात माझी स्कूटर होती.

पुण्याच्या गृहस्थाला मी सांगितलं की इथे कोणी बोलणार नाही. तो म्हणाला, मग खोक्यालाच विचारा. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा दिवा खोक्याला अगदी टेकवून, आडवा धरा. पुठ्ठ्यावर कधी काही दाबलं गेलं असेल तर उठून दिसेल.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा कोठीचं दार लावलं. तुरीच्या पोत्यावर खोकं उलटं ठेवलं, दिवा आडवा धरला आणि हळूहळू फिरवला. अक्षरं उठली. गुंडाळलेल्या कागदावर लोकांनी पेन दाबून जी जी नावं लिहिली होती, ती खाली पुठ्ठ्यावर उतरली होती. एकावर एक, तिरकी. 'सप्रेम' तीनदा दिसलं. जावेच्या मावशीचं नाव स्पष्ट होतं, घड्याळवाल्या मावशीचं. त्याच्याखाली दोन आडनावं, एक ओळखीचं. मग माझ्या फुईचं, म्हणजे वडिलांच्या बहिणीचं नाव आणि तिच्या सासरचं गाव. मी जरा हसलेच, आत्ता फुईला धरते म्हणून.

आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत खोल, मोठ्या अक्षरांत माझं नाव होतं. शाळेतलं नाही. मामा मला ज्या नावाने हाक मारायचा ते, आणि तसं दुसरं कोणी मारत नसे. पुढे 'ला' होतं. खाली 'मामाकडून'.

मी दिवा विझवला. पुन्हा लावला. नाव तिथेच होतं. मी पोत्याला टेकून खाली बसले. बाहेर सासरे घोरत होते.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मामा अमेरिकेला गेला, एका नातलगाच्या मोटेलात कामाला. पहिल्या फोनवर त्याने विचारलं, तुला काय पाठवू? सुरतेला माझ्या चुलतभावांकडे टीव्हीवरचा गेम होता आणि ते मला हात लावू देत नव्हते. मी म्हटलं, व्हिडिओ गेम, माझा एकटीचा. त्याने पाठवतो म्हटलं. मी महिनेच्या महिने पोस्टमनच्या मागे लागले. शेवटी मायने सांगितलं, "कस्टमवालास्नी ठी लिधं." ठेवून घेतलं म्हणे. मला कस्टमवाले म्हणजे कोण ते माहीत नव्हतं. मी बरीच वर्षं खाकी कपड्यातल्या प्रत्येक माणसाकडे खुन्नसने पाहायचे.

मामा तीन वर्षांनी सुट्टीवर आला. मला जवळ ओढून म्हणाला, "काय मंग, खेळस का नही?" मला वाटलं, पाठवलं तर नाहीच, वर थट्टा करतोय. मी त्याचा हात झटकला आणि सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. तो हसला. त्याला काहीच कळलं नव्हतं, म्हणून हसला. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. त्यानंतर मी मामाशी कामापुरतं बोलायचे. माझ्या लग्नाला तो येऊ शकला नाही, मी फोनवर "बरं" एवढंच म्हटलं. काही वर्षांपूर्वी तो तिकडेच वारला. आणि त्याने पाठवलेला गेम फिरत फिरत माझ्या दिराच्या लग्नात आहेर म्हणून माझ्याच घरी येऊन पडला होता. पहिला मालक शोधा म्हणे! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

माहेर प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या बाजूला. घरात सांगितलं, मायकडे जायचंय. "आते मधमाच?" म्हणून विचारणा झाली. मधेच म्हणजे सणावाराविना. नवरा जिनिंग मिलला कापसाचे पैसे आणायला निघाला होता, त्याने वाटेत मला उतरवलं आणि म्हणाला, "पाच वाजता घेवाले येस. तयार ऱ्हाय." माझ्याकडे तीन तास होते.

माय ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी पिशवीतून खोकं काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा पुसला, खोक्याकडे पाहिलं, आणि तिचे हात थांबले. शेंग अर्धी सोललेली हातातच राहिली. तिने ओळखलं होतं. इतक्या वर्षांनी, हेल्मेट घातलेला तो माणूस तिने एका नजरेत ओळखला.

"तुले कोठे सापडनं?"

"कस्टमवालास्नी दिधं," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, नको तिथे तिखट.

बराच वेळ ती वाल सोलत राहिली. मग एकेक सांगितलं. खोकं आलं त्याच आठवड्यात फुईचं लग्न होतं. वहिनीचा आहेर वेगळा द्यावा लागतो. मायने वाट्यांचा सेट काढला होता. आजीने तो बाजूला सारला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "तुन्हा भाऊ अमेरिकाले शे. वाट्या काय देस? काही फॉरेननं काढ." मायने मामाचा खाकी कागद सोडला, त्यावर चकचकीत कागद लावला आणि नावसुद्धा न टाकता दिलं. आत काय आहे ते तिने पाहिलंही नव्हतं. फुईनेही पाहिलं नसणार.

"वाट्याच का नही दिध्यात तू?" मी ओरडलेच. "आजीले सांगाले काय झालतं, पोरनं शे म्हनीसन?"

माय माझ्याकडे पाहत राहिली. ती रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं.

"त्या घरमा मन्हं म्हनाजोगं काय व्हतं?" ती म्हणाली. "भांडा सासूना. लुगडं सासूनी लयेल. पैसा तुन्हा बापना. मन्हा भाऊनी धाडेल तेवढं एक खोकं मन्हं व्हतं. म्हनून ते दिधं. दुसरानं कसं देऊ मी?"

"ते मन्हं व्हतं, माय."

तिने खाली पाहिलं. "हा," ती म्हणाली. "तुन्हंच व्हतं."

मला फार राग आला होता आणि तो ठेवायला जागा मिळत नव्हती. आजीवर काढावा तर ती कधीच गेली. मायवर काढावा तर समोर ही बाई बसलेली, जिला अख्ख्या घरात स्वतःची म्हणून द्यायला दुसरी वस्तू सापडली नव्हती. मामाचा विचार आला तसा मात्र मला हुंदका फुटला. तो खोटारडा नव्हता. हे त्याला सांगायला आता कुठे जाऊ?

रडून झाल्यावर मी पुण्याच्या माणसाचं, पत्राचं, स्कूटरचं सगळं सांगितलं. माय स्कूटरवर थांबली. "तू चालवशी?" तिने दोनदा विचारलं. मग उठली, माझ्या भावाच्या टेबलावरून कागद आणि पेन आणलं. सातवीपर्यंत शिकलेली माय, सहीपलीकडे कित्येक वर्षांत काही लिहिलं नसेल. शाळेतल्या मराठीत, एकेक अक्षर कोरत, तिने स्वतः लिहिलं. मी काही सांगितलं नाही.

'हे खोके माझ्या भावाने अमेरिकेतून माझ्या मुलीसाठी पाठविले होते. मी ते तिला दिले नाही. मी ते नणंदेच्या लग्नात आहेर दिले व मुलीला खोटे सांगितले. भावालाही खोटे सांगितले की मिळाले, तिला फार आवडले. खोके खरे आहे.' खाली सही.

पाच वाजता हॉर्न वाजला. मी कागदाची घडी ब्लाउजमध्ये ठेवली आणि मोटारसायकलवर मागे बसले. नवऱ्याने विचारलं, डोळे का सुजलेत? मी म्हटलं, वारा.

पत्राचा फोटो पाहून पुण्याचा गृहस्थ फार खूश झाला. असं पत्र त्याने कधी पाहिलं नव्हतं म्हणे. पूर्ण किंमत ठरली. फक्त मूळ पत्र खोक्यासोबत पाठवायचं होतं, कारण कागद खोक्यासोबत राहतो, खोकं जिकडे जाईल तिकडे कागद. मी चार दिवस पार्सल बांधत होते आणि सोडत होते. खोक्याची मला ओढ नव्हती. आत काय आहे ते मला आजही माहीत नाही आणि चाळिशीत मी काय तो बुरुजावरून उड्या मारणार होते? पण तो कागद घडी घालून पाकिटात सरकवला की हात परत आत जायचा. मला उद्देशून कोणी 'मी खोटे सांगितले' असं आयुष्यात लिहून दिलं नव्हतं. तो कागद कोणा अनोळखी माणसाच्या काचेच्या कपाटात जाऊन बसणार होता, आणि पुन्हा एकदा माझी वस्तू आहेरात निघाली असती.

मी पत्र ठेवून घेतलं. खोकं गेलं, कमी पैसे आले.

बदली होऊन चाललेल्या एका शिक्षिकेची निळी स्कूटर मिळाली. एका बाजूला घासलेली, पण इंजिन चांगलं. कागदावर माझं नाव लागलं. घरात सगळे हसले. "कोन येडानी लिधं ते खोकं?" नवरा विचारत होता आणि मनापासून कौतुकही करत होता. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातातून घेऊन ओट्यावरच्या खिळ्याला लावली, बाकीच्या किल्ल्यांच्या रांगेत. मी पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर मोटर चालू करायला मळ्यात गेली. नंतर खताची गोणी आणायला गेली. मला शहाद्याला जायचं होतं तेव्हा ती दुकानासमोर उभी होती, आणि दिराने विचारलं, "काय लयानं शे, वहिनी?" दोन महिन्यांत मी तीनदा ती चालवली. तीनदाही विचारून. एवढं सगळं करून मी होते तिथेच होते, फक्त खिळ्यावर एक किल्ली वाढली होती.

जूनमध्ये नणंदेच्या मुलीला नंदुरबारच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दुपारी पंगत बसली होती, मी भाकऱ्या करत होते. सासरे म्हणाले, "ती निळी गाडी नातले दी टाकूत. आठे नुसती उभी ऱ्हास." दीर म्हणाला, बरोबर. नवऱ्याने ताटातून मान वर केली. "हां, हिले तरी कथा जानं ऱ्हास?"

कोणी मला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं, त्यात दुष्टावा नव्हता. माझ्या हातात भाकरीचा गोळा होता. मला एकदम मायची पाठ आठवली, चुलीसमोर वाकलेली, मान वर न करणारी.

"नही," मी म्हटलं.

"नही म्हंजे?"

"गाडी मन्ही शे. मी देवाव नही. पोरले चालवानं शिकाडसू, पन गाडी देवाव नही."

सासरे हसून म्हणाले, "तुन्ही काय न आमनी काय? एकच घर शे." मी हसले नाही. मला भीती वाटत होती. तव्यावरची भाकरी जळायला लागली. सासूबाईंनी ती उलटली. नवरा पाण्याचा तांब्या शोधत राहिला, तो त्याच्या समोरच होता.

हात धुतले, ओट्यावर गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढली. त्यानंतर ती तिथे परत लागलेली नाही, उशीच्या अभ्र्यात असते. त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलणं कमी झालं आहे. दीर आता काही आणून देत नाही. नवरा अजून विचारतो, पण त्याच्या आवाजातली आपुलकी गेली आहे आणि मला तिची आठवण येते, हेही खरं.

त्या दुपारी मी स्कूटर बाहेर काढली तेव्हा सासूबाई माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. "तुले कथा जानं शे?"

"कथाच नही," मी म्हटलं.

त्यांनी फाटक उघडून धरलं. मी उसाच्या कडेने पाटाच्या पुलापर्यंत गेले, गाडी बंद केली आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिले. खरंच कुठे जायचं नव्हतं. मग डिकी उघडून निघताना ठेवलेलं मायचं पत्र आहे ना ते पाहिलं आणि घरी आले.